मंडळाच्या व्हॉल्व अॅम्प्लिफायरचा बायस : जुलै-ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

रविवार, ६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

मंडळाचा जुना अॅम्प्लिफायर आज पोटमाळ्यावरून खाली आला. वर दोन पोरं, खाली शिडी धरून नाना. माझ्या टेबलावर ठेवल्यावर नाना म्हणाले, "बघ गं, जमलं तर यंदाची आरती यावरच घेऊ. पंधरा मिनिटं छान वाजतो, मग आवाज जाडा होतो आणि फ्यूज उडतो." चतुर्थी २७ ऑगस्टला. म्हणजे सात आठवडे आहेत, पण माझ्या हातात त्यातले रविवारच.

आत पुश-पुल जोडीत, म्हणजे आवाजाच्या लाटेची एकेक बाजू उचलणारे, दोन ईएल३४ व्हॉल्व (काचेच्या नळ्या), आणि त्यांच्या आधीच्या टप्प्यात दोन ईसीसी८३. एक ईसीसी८३ बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, काचेवरची छपाई अजून वाचता येते. रेक्टिफायर सिलिकॉन डायोडचा. आउटपुटला ८ ओहम, १६ ओहम आणि कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची लाइन. बायस (व्हॉल्वचा प्रवाह आवरणारं उणे व्होल्टेज) फिक्स्ड आहे, दोन्ही ईएल३४ ना मिळून एकच प्रीसेट, म्हणजे तो लावायचा फिरता रेझिस्टर.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार सापडली. फ्यूज वारंवार उडायला लागल्यावर कोणीतरी हा मार्ग काढलेला दिसतो. ट्रान्सफॉर्मर जिवंत राहिला हे मंडळाचं नशीब. तार काढून १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज बसवला, आणि हाय टेन्शनच्या (व्हॉल्वना लागणाऱ्या चारशेवर व्होल्टच्या डीसी पुरवठ्याच्या) वाटेत २५० मिलिअँपचा वेगळा फ्यूज टाकला. आज वीज दिलीच नाही.

रविवार, १३ जुलै

फिल्टरचे कंडेन्सर फुगले होते, ते बदलले. बायस पुरवठ्यातला कंडेन्सरही कोरडा पडला होता, तिथे ४७ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा नवा बसवला. इथे लक्ष ठेवावं लागतं: हा पुरवठा उणे असल्यामुळे कंडेन्सरचं अधिक टोक चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) जातं. सवयीने उलटा बसवला की तो फुटतो.

दोन बदल माझ्या मनाने केले. पहिला, कॅथोड (व्हॉल्वमधली इलेक्ट्रॉन सोडणारी टोकं) थेट चेसिसला जोडलेले होते, तिथे प्रत्येकी १० ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर घातला. आता त्याच्यावर ०.३८ व्होल्ट दिसले की ३८ मिलिअँप वाहताहेत, हे हात हाय टेन्शनजवळ न नेता कळतं. दुसरा, दोन्ही व्हॉल्वना वेगवेगळे प्रीसेट दिले, आणि प्रत्येक प्रीसेटच्या सरकत्या टोकावरून उणे टोकाकडे १०० किलोओहमचा रेझिस्टर टाकला. प्रीसेटचा आतला संपर्क कधी सुटला तर ग्रिड (व्हॉल्वमधली प्रवाह आवरणारी जाळी) पूर्ण उणे होते आणि व्हॉल्व बंद पडतो. हा रेझिस्टर नसेल तर ग्रिड मोकळी सुटते आणि व्हॉल्व जळतो.

आउटपुटला ८ ओहमचा ५० वॅटचा रेझिस्टर जोडला. लोड नसताना व्हॉल्व अॅम्प्लिफायर वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वायंडिंग फुटू शकते. मग १०० वॅटच्या सिरीज दिव्यातून वीज दिली. दिवा उजळला आणि हळूहळू मंदावला, तेव्हा तो काढून थेट मेन्सवर घेतलं. मेन्स २३८, हाय टेन्शन ४६२ व्होल्ट.

पाचव्या मिनिटाला डावा ३८, उजवा ४०. विसाव्या मिनिटाला डावा ३९ आणि उजवा ७४! हाय टेन्शन ४४१ वर उतरलं होतं. स्क्रीनचा (व्हॉल्वमधल्या दुसऱ्या जाळीचा) वाटा वजा करून उजव्या प्लेटवर (प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्यावर) २९ वॅट पडत होते, आणि ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट. खोलीतला दिवा घालवून पाहिलं. उजव्या व्हॉल्वच्या प्लेटची शिवण गडद लाल झाली होती, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. तिथल्या तिथे बंद केला.

बायस म्हणजे नळाची तोटी. ग्रिड कॅथोडपेक्षा तीस-चाळीस व्होल्ट उणे असेल तरच प्रवाह आवाक्यात राहतो. उजवीकडे ही तोटी आपोआप उघडत होती.

सोमवार, १४ जुलै, रात्री

दोन्ही ईएल३४ ची अदलाबदल केली. लाली व्हॉल्वबरोबर डावीकडे गेली नाही, उजव्या जागेवरच राहिली. म्हणजे व्हॉल्व निर्दोष आहेत. ही अदलाबदल दहा मिनिटांची आहे, ती न करता नवी जोडी विकत आणणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

रविवार, २० जुलै

आज कपलिंग कंडेन्सर. मागच्या व्हॉल्वच्या प्लेटवर २१० व्होल्ट अधिक, पुढच्या ग्रिडवर अडतीस व्होल्ट उणे, आणि मधे हा एकटा बांध. आवाज पलीकडे सोडायचा आणि डीसी अडवायचं, एवढंच त्याचं काम. जुने कागदी कंडेन्सर आहेत, ०.१ मायक्रोफॅरडचे, मेणाने बंद केलेले. उजव्याच्या टोकाशी मेण वितळून पिवळं ओघळलंय.

उजव्याचं ग्रिडकडचं टोक सोडवलं आणि त्या मोकळ्या टोकावर चेसिसपासूनचं व्होल्टेज मोजलं. मीटर आधी उडी मारतो, अर्धं मिनिट थांबल्यावर स्थिरावतो. थंड असताना १० व्होल्ट. माझ्या मीटरचा अंतर्गत रोध १० मेगओहम, त्यावरून हिशेब केला तर गळती सव्वा मायक्रोअँपच्या आसपास. २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर त्याने जेमतेम पाव व्होल्टाचा फरक पडेल. ७४ मिलिअँपचं कोडं त्याने सुटत नाही.

पण दोष गरम झाल्यावरच दिसत होता, मग थंड कंडेन्सर मोजून काय मिळणार? भाचीचा हेअर ड्रायर मागून आणला आणि लांबूनच कंडेन्सरवर गरम हवा सोडली. मीटर चढत गेला: १८, ४०, ७५, आणि १०० वर जाऊन थांबला. त्या अवस्थेत ग्रिडकडे तेवीस मायक्रोअँप गळतात, म्हणजे बायस पाच व्होल्टांनी लंगडा होतो. इतक्याने प्लेट लाल होणारच. डाव्यालाही तपासलं, तोही गरम झाल्यावर ३५ पर्यंत गेला.

दोन्हीकडे ६३० व्होल्टचे पॉलिस्टर कंडेन्सर बसवले. दुपारी छान ऊन पडलं होतं. दोन तास चालवला, डावा ३८, उजवा ३८, काटा हलला नाही. नाना गॅलरीतून डोकावून गेले. मी त्यांना झालं म्हणून सांगितलं.

रविवार, २७ जुलै

झालेलं नाही.

रात्रभर पाऊस होता. सकाळी आठला सुरू केला. डावा ३८, उजवा ५७, तोही पहिल्याच मिनिटाला. बंद करायला हात गेला, तेवढ्यात आकडा उतरताना दिसला: ५३, ४९, आणि चाळीस मिनिटांनी ४१.

आधीचा दोष थंड असताना गप्प आणि गरम झाल्यावर वाढणारा. हा अगदी उलट वागतोय, थंड असताना जोरात आणि तापल्यावर शांत. म्हणजे दुखणी दोन होती, एकाखाली एक. वरचं काढल्यावर खालचं दिसलं.

हे आता लिहिताना स्पष्ट दिसतंय. सकाळी मात्र मी उजवा प्रीसेट फिरवून आकडा ३८ वर आणला आणि समाधान मानलं. तासाभराने बघते तर उजवा २४. लाउडस्पीकर जोडून हळू आवाजात भजन लावलं तर प्रत्येक स्वराच्या कडेला बारीक खरखर, आवाज वाढवला की ती झाकली जाते. एक व्हॉल्व वेळेआधी मिटतो आणि दुसऱ्याने त्याचं काम उचलायच्या आत मधे खाच पडते, तिचा हा आवाज. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या वायंडिंगमधून असमान डीसी गेलं की गाभा एका बाजूने भरतो आणि खालचे स्वर आक्रसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. प्रीसेट होता तिथे परत नेला. गळती कुठून होतेय हे कळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

आठवडाभर घरातलं मेन्स व्होल्टेज टिपून ठेवलं. पहाटे २४१, दुपारी २३५, संध्याकाळी सातला २२६. अॅम्प्लिफायरच्या मागे २०० / २२० / २४० अशी निवड आहे आणि खुंटी २२० वर होती. त्यामुळे फिलामेंटला ६.३ ऐवजी ६.८ व्होल्ट मिळत होते, आणि हाय टेन्शनही त्याच प्रमाणात चढं. खुंटी २४० वर नेली. तेवढ्याच २३८ मेन्सवर आता फिलामेंट ६.२५ आणि हाय टेन्शन ४२४. बायस उणे ३४ वर नव्याने लावला.

हे करायलाच हवं होतं, व्हॉल्वचं आयुष्य यावर आहे. पण मेन्स वरखाली झालं तर दोन्ही व्हॉल्व सारखेच हलतील. एकट्या उजव्याचं दुखणं त्यात नाही, हे खुंटी हलवतानाच माहीत होतं.

रविवार, १० ऑगस्ट

कोरडा दिवस. दोष दिसेना. डावा ३७, उजवा ३८.

पुढच्या वेळी काय मोजायचं ते ठरवून ठेवलं: ग्रिड रेझिस्टरची दोन्ही टोकं. ग्रिड स्वतः प्रवाह घेत नाही, म्हणून त्या २२० किलोओहमच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज असायला हवं. फरक दिसला तर कुठून तरी प्रवाह आत शिरतोय. यायच्या वाटा तीनच: कपलिंग कंडेन्सर, व्हॉल्व, नाहीतर व्हॉल्वचा बेस (व्हॉल्वच्या पिना ज्यात बसतात तो सॉकेट).

मंगळवार, १९ ऑगस्ट

दहीहंडीपासून पाऊस थांबलेला नाही. आज शाळा-कॉलेजं बंद, लोकलचीही वाट लागलेली. माझ्या प्रयोगशाळेलाही सुट्टी. चाळीच्या भिंती सर्दावल्यात, काडेपेटी ओढली तर गूल निघून येतोय. खोलीतला आर्द्रतामापक ९४ टक्के दाखवतो. दोष पकडायला याहून चांगला दिवस मिळणार नाही.

सुरू केला. डावा ३८, उजवा ६६. लगेच मीटर लावला.

बायसकडचं टोक, दोन्ही बाजूंना: उणे ३४.०.
डावी ग्रिड: उणे ३३.३.
उजवी ग्रिड: उणे २८.६.

डावीकडचा ०.७ चा फरक खरा नाही. माझा १० मेगओहमचा मीटर २२० किलोओहमवर टेकला की दोन टक्के खाली दाखवतो. तेवढं जमेस धरून उजवी ग्रिड खरी उणे २९.२ वर आहे. मधे ४.८ व्होल्ट हरवतात, म्हणजे २२० किलोओहममधून बावीस मायक्रोअँप.

बंद केला, फिल्टर कंडेन्सर २.२ किलोओहमच्या रेझिस्टरने रिकामे केले, मीटरवर शून्य पाहिल्यावरच आत हात घातला. उजवा व्हॉल्व काढून परत चालू केला. ग्रिडच्या खाचेत उणे २८.४. व्हॉल्व जागेवरच नाही, तरी गळती आहे! उलट थोडी जास्तच, कारण एका व्हॉल्वचा भार कमी झाल्याने हाय टेन्शन वीसेक व्होल्टांनी चढलं. त्या चढण्याबरोबर गळतीही चढली, म्हणजे ती हाय टेन्शनकडूनच येतेय. परत बंद, परत रिकामा. नव्या कपलिंग कंडेन्सरचं टोक सोडवलं. उणे २८.४.

उरला बेस.

ईएल३४ च्या बेसवर पाचवी पिन ग्रिडची आणि तिच्या शेजारची चौथी स्क्रीनची. म्हणजे उणे एकोणतीस आणि अधिक चारशे वीस व्होल्ट शेजारी शेजारी, मधे बेकेलाइटची बोटाच्या नखाएवढी जागा. स्क्रीनकडून बावीस मायक्रोअँप येत असतील तर त्या जागेचा रोध साधारण २० मेगओहम असायला हवा. दोन्ही पिनांच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावला तर काहीच नाही, पूर्ण उघडं. पण मल्टिमीटर रोध मोजताना एखाद-दोन व्होल्टच लावतो. या वाटेवर रोज साडेचारशे व्होल्टांचा ताण असतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकांकडे हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून रोध मोजणारा मीटर) आहे. ते छत्री न घेता गॅलरीतून तसेच आले, "मी फिरवतो, तू टोकं धर" म्हणाले. उजव्या बेसवर चौथी आणि पाचवी पिन: १८ मेगओहम. डाव्या बेसवर काटा २०० च्या पलीकडे. कागदावर वीस निघाले होते, मेगरने अठरा दाखवले. सावंतकाकांना कागद दाखवला, त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

मग टॉर्च आणि भिंग. दोन पिनांच्या मधे केसाएवढी काळी रेघ, पेन्सिलने ओढल्यासारखी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकट करडा थर. कापडाच्या चिंधीने पुसून वास घेतला. धूप आणि कापूर. इतकी वर्षं हा अॅम्प्लिफायर आरतीच्या टेबलाखाली ठेवला जायचा, उजवी बाजू मूर्तीकडे. कापराची काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन, त्यावर धूळ आणि पावसाळ्यातली ओल. थर भिजला की विजेला वाट मिळते, व्हॉल्वच्या उष्णतेने तो चाळीस मिनिटांत सुकला की वाट आटते. २७ जुलैच्या सकाळचा उतरता आकडा इथे येऊन जुळला.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढलं. मेगर ६० मेगओहमपर्यंत गेला, पुढे जाईना. काळी रेघ बेकेलाइटच्या आत जळून उतरली आहे, ती पुसून जाणार नाही. बेस बदलायलाच हवा.

शनिवार, २३ ऑगस्ट

लॅमिंग्टन रोडला गेले. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. मोबाइलचे सुटे भाग आणि सीसीटीव्हीच्या दुकानांमधे व्हॉल्वचा बेस मागितला की तरुण मुलं एकमेकांकडे बघतात. चौथ्या दुकानात गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ काही न बोलता आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन सिरॅमिक ऑक्टल (आठ खाचांचे) बेस घेऊन आले. "अॅम्प्लिफायर कुणाचा?" गिरगावातल्या मंडळाचा म्हटल्यावर त्यांनी बेसच्या प्रत्येक खाचेत काडी घालून पकड घट्ट आहे ना ते स्वतः बघितलं. जोडी चारशे रुपयांना.

रात्री जुन्या जोडणीचे फोटो काढून दोन्ही बेस बदलले. डावा चांगला होता, तरी तोही त्याच धुरात वाढलेला. सिरॅमिकचा घेर थोडा मोठा, चेसिसचं भोक कानशीने वाढवावं लागलं. लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून खालून ओलं कापड बांधलं आणि नंतर चुंबक फिरवला. ग्रिडच्या वाटेतला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पाचव्या पिनेला अगदी चिकटवून, आणि स्क्रीनला जुन्या १०० ओहमऐवजी ४७० ओहम, ५ वॅट.

रविवार, २४ ऑगस्ट

अॅम्प्लिफायर रात्रभर मुद्दाम खिडकीपाशी उघडा ठेवला होता, पागोळ्यांच्या हातभर आत. सकाळी थंडच सुरू केला.

बायसकडे उणे ३४.२, दोन्ही ग्रिडवर उणे ३३.५. पहिल्या मिनिटाला डावा ३७, उजवा ३६. अर्ध्या तासाने ३७ आणि ३७. दोन तासांनी ३७ आणि ३६. प्लेटवर साधारण साडेतेरा वॅट, २५ च्या निम्म्याहून थोडे वर. सभेच्या, आरतीच्या कामाला हे पुरेसं आहे. ईएल३४ ची चांगली जोडी आता सहज मिळत नाही, तिला उगाच तापवायची नाही.

१ किलोहर्ट्झचा स्वर देऊन ८ ओहमवर १५.६ व्होल्टपर्यंत लाट स्वच्छ, म्हणजे ३० वॅट. अंधार करून पाहिलं, प्लेट दोन्ही काळ्याभोर.

संध्याकाळी नाना आले. त्यांना बोलायला माइक दिला. त्यांनी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि खालच्या अंगणातून पोरांनी "मोरया" दिला, लाउडस्पीकर गॅलरीकडे तोंड करून होता.

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सकाळी सातला मंडपात जोडला. मेन्स २३६, डावा ३७, उजवा ३६. पहिली आरती झाल्यावर ३७ आणि ३७.

जागा बदलली. आरतीच्या टेबलापासून आठ फूट लांब, लाकडी फळीवर, मागे पंखा. झाकणाच्या आतल्या बाजूला आकड्यांची चिठ्ठी चिकटवली आहे: २४० ची खुंटी, बायस उणे ३४.२, ग्रिडवर १० मेगओहमच्या मीटरने उणे ३३.५, कॅथोडवर ०.३७. दोन ग्रिडमधे अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक दिसला तर प्रीसेट फिरवू नये, मला हाक मारावी.

पुन्हा मोजणी अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबर, विसर्जनाला निघण्याआधी.